भाजल्याच्या जुन्या व्रणावरची न भरणारी जखम

भाजल्याची जखम भरून आली की मागे उरलेल्या व्रणाकडे आजार म्हणून कुणी पाहत नाही. त्यामुळे त्याच व्रणाला २०-३० वर्षांनी भेग पडली, ती चिघळली आणि भरेनाशी झाली, तरी महिनोन्महिने नुसती मलमपट्टीच होत राहते. अशा जखमेत त्वचेचा कर्करोग उद्भवू शकतो. त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. गंमत अशी की, फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये व्रणांवरील या जखमांचे वर्णन केले खरे, पण त्या कर्करोगाच्या असल्याचे त्यांनी म्हटले नव्हते.

हा कर्करोग बहुधा स्क्वॅमस सेल प्रकारचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा असतो. सांध्यावरचा ताठर व्रण हालचालीने ताणला जातो, फाटतो, भरतो आणि पुन्हा फाटतो. वर्षानुवर्षांच्या या डागडुजीत पेशींची वाढ ताळतंत्र सोडते. व्रणात रक्तपुरवठा तुटपुंजा आणि लसीकावाहिन्याही (ऊतींमधला द्रव आणि प्रतिकारपेशी वाहून नेणाऱ्या नलिका) फारशा उरलेल्या नसल्याने प्रतिकारशक्ती तिथवर नीट पोचत नाही. रोगही सुरुवातीला तिथेच अडकून राहतो. मात्र निरोगी ऊतीत शिरल्यावर तो जांघेतील वा काखेतील लसीकाग्रंथींपर्यंत पसरू शकतो आणि उन्हामुळे होणाऱ्या त्याच प्रकारच्या कर्करोगापेक्षा आक्रमक ठरतो.

जखमेच्या कडा उलटून वर येणे, दुर्गंधी, रक्तस्राव आणि वाढती वेदना ही ठळक लक्षणे होत. पण माझ्या मते, यांतले एकही नसले तरी जुन्या व्रणावरील जखम तीन महिन्यांत भरली नाही, तर बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणी, करावीच. तीही एकाच तुकड्याची नको. कर्करोग जखमेच्या एखाद्याच भागात असू शकतो, म्हणून कडेचे आणि मधले असे अनेक तुकडे पुरेशा खोलीपर्यंत घ्यावे लागतात. अहवालात काही आढळले नाही आणि तरीही जखम भरत नसेल, तर तपासणी पुन्हा करावी.

मुख्य उपचार शस्त्रक्रियेचाच. गाठीभोवती सर्वसाधारणपणे निदान २ सेंटीमीटर निरोगी भाग घेऊन ती खोलवर काढतात आणि उघडा पडलेला भाग स्किन ग्राफ्टने, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या जागेवरून घेतलेल्या त्वचेने, झाकतात. हाड किंवा कंडरा उघडी पडली असेल, तर स्वतःचा रक्तपुरवठा असलेला फ्लॅप, म्हणजे त्वचेसह ऊतींचा जाड तुकडा, लागतो. हाड किंवा सांधा पोखरला गेला असल्यास अवयव कापण्यावाचून गत्यंतर नसते, आणि नेमक्या याच टप्प्यावर पोचलेले रुग्ण पाहिले की आधीच्या मलमपट्टीचा राग येतो. लसीकाग्रंथींत रोग आढळल्यास त्याही काढतात. काहींना किरणोपचार द्यावे लागतात.

खोल भाजलेल्या जागी वेळीच त्वचारोपण झाले, तर हा धोका बराच घटतो; ग्राफ्टविना रेंगाळत भरलेल्या व्रणांतच तो प्रामुख्याने दिसतो.