सहावं स्थान

वसईतल्या एका चर्चसाठी क्रूसाच्या वाटेची, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रूसापर्यंतच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा टप्प्यांची (त्यांना ‘स्थानं’ म्हणतात) चौदा चित्रं करायला घेतली, तेव्हा फादरांची एकच अट होती: बाजारात मिळतात तसली गुळगुळीत छापील चित्रं नकोत. मी वुडकट करते, म्हणजे लाकडी ठोकळा कोरून त्यावरून चित्र छापते. माझ्या डोळ्यांसमोर आला तो आल्ब्रेख्त ड्यूरर. न्यूरेंबर्गच्या या चित्रकाराने १५११ मध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनावर ३७ वुडकटांचं पुस्तक काढलं, ‘स्मॉल पॅशन’. काळी रेघ तेवढी उभी ठेवायची आणि बाकीचं लाकूड कोरून काढायचं. उजेड म्हणजे नुसता कोरा कागद. हे मला विलक्षण वाटतं.

त्यातल्या एका चित्रात संत पीटर आणि संत पॉल यांच्यामध्ये वेरोनिका उभी आहे, क्रूसाच्या वाटेवर ख्रिस्ताचं तोंड पुसणारी बाई. हातात त्याचा चेहरा उमटलेलं वस्त्र. सहावं स्थान वेरोनिकाचंच, त्यासाठी मी तेच डोळ्यांपुढे ठेवलं. फक्त वेरोनिकाला आपल्याकडचं लुगडं नेसवलं. त्या काळचे चित्रकार बायबलातल्या माणसांना बिनदिक्कत आपल्या गावचे कपडे घालत, मग मी का नको?

पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीची छापप्रत, काढलं त्या दिवशी फादर धर्मग्रामातल्या (चर्चच्या हद्दीतल्या) एका आजींना घेऊन आले. आजी लाल लुगड्यातल्या. आधी त्यांनी वेरोनिकाचा पदर निरखला, मान डोलावली. मग थेट स्टुडिओच्या दारापर्यंत मागे गेल्या आणि तिथून म्हणाल्या, “बाय, ती तोंड पुसायला गेली ना त्याचं? मग फडक्यावर नुसता मळच दिसतोय. तोंड कुठंय?”

मीही दारात जाऊन उभी राहिले. गालावरच्या आडव्या-तिरप्या रेघांचं जाळं तिथून एकच करडा डाग झालं होतं. ड्यूररचं चित्र जेमतेम तेरा बाय दहा सेंटिमीटरचं, पुस्तक हातात धरून बघायचं. माझं भिंतीवर लागणार, शेवटच्या बाकावरून बघितलं जाणार.

“आजी, ती शैलीच तशी असते,” फादर माझी बाजू घेत म्हणाले. मला ते पटलं नाही. ड्यूररकडून मला उजेड हवा होता, जाळी नव्हे.

लाकडातली रेघ एकदा कोरून टाकली की परत येत नाही. ठोकळ्यावर सगळं उलटं असतं, म्हणून समोर आरसा ठेवला आणि व्ही-टूल या बारीक टोकदार कोरणीने कपाळावरच्या तिरप्या रेघा एकेक करून उडवल्या. मग डावा गाल. नाक, भुवया, काट्यांचा मुकुट यांना हात लावला नाही. शाई पातळच फिरवली. जाड झाली की बारीक खाचा बुजतात. वर कागद टाकून चमच्याच्या पाठीने घासला, उचलला, भिंतीवर लावला.

आजी पुन्हा दारात. “आता ओळखू येतोय.”

डोळ्यांखालच्या रेघा अजून दाट वाटत होत्या, त्याही काढाव्यात म्हणून मी टूल उचललं.

“ते राहू दे,” आजी म्हणाल्या. “आदल्या रात्री धरून नेला त्याला. झोपला कुठे असेल?”

त्या रेघा ठेवल्या. सातव्या स्थानापासून मी आधी भिंतीवर कोळशाने मूळ मापात रेखाटते, दारातून बघते आणि मगच लाकडाला हात घालते. दाट जाळी आता शिपायांच्या चिलखतांवर आणि आभाळातच असते.