डावी टाकी: रात्रीत ४० सेंटीमीटर उतार, त्यातले गळतीचे फक्त तीन

घरी बांधत असलेल्या आरव्ही-७ विमानाच्या पंखातल्या डाव्या इंधनटाकीच्या गळतीचा निकाल अखेर लागला. मागच्या नोंदीत बॅफल, म्हणजे टाकीची मागची भिंत, बंद झालं होतं आणि गळती पाहायला टाकीला लावलेला फुगा दोन दिवस ताठ होता. मंडळी, फुग्यावर विसंबू नका. फुगा ताठ राहिला म्हणजे मोठं भोक नाही, एवढंच कळतं. ताणलेलं रबर थोडी हवा गेली तरी दाब जवळपास तेवढाच ठेवतं, शिवाय रबरातूनही हवा आपोआप सुटत राहते. म्हणजे फुगा उतरला तरी शंका, नाही उतरला तरी शंका. म्हणून फुगा काढून पाण्याचा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायची यू-नळी, लावला, आणि पहिल्याच रात्री पोटात गोळा आला.

जोडणी साधी आहे. ड्रेनच्या जागी श्रेडर व्हॉल्व्ह (ट्यूबला हवा भरायला असतो तो), पिकअपच्या (इंधन ओढणाऱ्या नळीच्या) फिटिंगला टोपी, व्हेंटच्या (हवेच्या वाटेच्या) फिटिंगला पारदर्शक नळी. नळी फळीवर यू आकारात बांधायची, पाण्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाकायचे आणि दोन पातळ्यांमधलं अंतर मोजायचं. सायकलच्या पंपाने हळूहळू ६० सेंटीमीटर. ७० सेंटीमीटर पाणी म्हणजे १ पीएसआय, त्याच्या वर जायचं नाही. कॉम्प्रेसर तर जवळही आणू नये. टाकीची स्किन, म्हणजे बाहेरचा पत्रा, ०.०३२ इंचाची आहे, थोडा जास्त दाबही तिला कायमचा फुगवटा देऊन जातो.

रात्री ९ वाजता ६० सेंटीमीटर, गॅरेजमध्ये १८ अंश. सकाळी ८ वाजता २० सेंटीमीटर, गॅरेजमध्ये ९ अंश. अकरा तासांत ४० सेंटीमीटरचा उतार.

असा आकडा पाहिला की पहिला विचार येतो बॅफल उघडायचा. थांबा, आधी हिशोब करा. बंद टाकीतली हवा गार झाली की दाब उतरतोच. ओहायोत आमच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ९८० हेक्टोपास्कल असतो. त्यात टाकीतले ६० सेंटीमीटर, म्हणजे ५९ हेक्टोपास्कल मिळवले की एकूण १०३९. हे १८ अंशांच्या निरपेक्ष तापमानाने, म्हणजे २९१ ने भागलं की दर अंशाला ३.५७ हेक्टोपास्कल येतात, पाण्याच्या भाषेत ३.६४ सेंटीमीटर. नऊ अंशांचे झाले ३२.८. त्याच रात्री थंड हवेची लाट येऊन बाहेरचा दाब ४ हेक्टोपास्कलने चढला होता. मॅनोमीटर आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो, म्हणून बाहेर ४ चढले की नळीत ४.१ सेंटीमीटर उतरतात. एकूण ३६.९. पाहिलेला उतार ४०. उरले ३ सेंटीमीटर.

टाकी पूर्ण ताठ नसते, दाब कमी झाला की स्किन किंचित आत येते, त्यामुळे हवामानाचा खरा वाटा हिशोबापेक्षा थोडा कमी असणार. म्हणजे गळती तीनपेक्षा कमी नाही, असं धरून चाललो. २१ गॅलन म्हणजे साधारण ८० लिटरची टाकी. तीन सेंटीमीटर म्हणजे पाव लिटरला थोडी कमी हवा, तासाला वीसेक मिलिलिटर. भोक बारीक आहे, पण आहे.

तापमापकाबद्दल एक गोष्ट. तो भिंतीवरचा नको. सेन्सर स्किनला टेपने चिकटवून वर रजई टाका. पत्रा आणि खोलीची हवा यांत पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, आणि एका अंशाची चूक म्हणजे साडेतीन सेंटीमीटरची चूक. आख्खी गळती त्यात लपते.

आता शोध. आधी नेहमीचे संशयित: इंधनाच्या झाकणाची ओ-रिंग, सेंडरच्या (इंधनाची पातळी मोजणाऱ्या भागाच्या) प्लेटचे स्क्रू, ड्रेनची फ्लँज. झाकणावर टेप लावून पाहिला, उतार तसाच. सेंडरच्या प्लेटखाली कॉर्कचं गॅस्केट वापरलेलंच नाही. तिथे सीलंट लावलंय आणि स्क्रूच्या आट्यांनाही सीलंट आहे, कारण नटप्लेट (पत्र्याला पक्का बसवलेला नट) उघड्या तोंडाची असली की इंधन आट्यांवरून चढतं. तिथेही काही नाही.

मग साबणाचं पाणी. तासाला वीस मिलिलिटरच्या गळतीला फवारा मारून लगेच बघितलं तर काहीच दिसत नाही. भांडी घासायचा साबण थोड्या पाण्यात घट्टसर कालवून, एका वेळी चार-पाच रिव्हेटवर ब्रशने लावायचा, आणि दहा मिनिटं टॉर्च तिरका धरून नुसतं बघत बसायचं. स्किनचे सगळे रिव्हेट कोरडे. एएन४२६एडी३-३.५ च्या त्या लांबच लांब रांगेत एकही बुडबुडा नाही, ही या टाकीची सगळ्यात सुखाची गोष्ट. टँक डाय, म्हणजे रिव्हेटच्या डोक्यासाठी पत्र्यात खळगा पाडायचे साचे, यांनी केलेल्या जरा खोल डिंपलचा हा फायदा: सीलंटला जागा मिळते आणि तरी डोकं पत्र्याशी सपाट बसतं. या डाय घेताना हात आखडू नका.

सापडलं ते बॅफलवर. मधल्या एका रिबच्या (टाकीला आकार देणाऱ्या आतल्या पत्र्याच्या) झेड-ब्रॅकेटवर, म्हणजे टाकी पंखाच्या मुख्य तुळईला जोडणाऱ्या पट्टीवर, खालून दुसऱ्या ब्लाइंड रिव्हेटच्या (एकाच बाजूने ओढून बसवायच्या) डोक्याभोवती मोहरीएवढ्या फेसाची कड उमटली. पुसली, पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच.

जागा बघून कारण लक्षात आलं. टोकांच्या रिबना ठोकायचे रिव्हेट बसतात, कारण मागे बकिंग बार (रिव्हेटमागे धरायचा ठोकळा) जातो. मधल्या रिबपर्यंत बॅफल बंद झाल्यावर हात पोहोचत नाही, म्हणून तिथे बंद टोकाचे एडी-४२-एच ब्लाइंड रिव्हेट असतात. टोक बंद असल्यामुळे त्यांच्या पोटातून इंधन येत नाही, येतं ते अंगाच्या बाजूने: रिबची फ्लँज आणि बॅफल यांच्यामध्ये सीलंट नीट पसरलं नाही की तिथून भोकात आणि भोकातून डोक्याखाली. फेस जिथे दिसतो ते बाहेर पडायचं दार, आत शिरायची वाट इंचभर लांबही असू शकते. आणि बॅफल बंद केल्यावर या जोडाला आतून फिलेट, म्हणजे कोपऱ्यात सीलंटची धार, देता येत नाही.

सीलंट का पसरलं नाही, ते कामाच्या वहीत आहे. क्लास बी-२ या सीलंटच्या नावातला २ म्हणजे दोन तास काम करायची मुदत, पण ती २५ अंशांना. बॅफल बंद केलं त्या दिवशी गॅरेज ३१ अंशांवर होतं. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो, या हिशोबाने मुदत सव्वा तासावर आली होती. १२० ग्रॅमचं एकच मिश्रण सुरुवातीला मऊ चक्क्यासारखं होतं. झेड-ब्रॅकेटची पाळी आली तेव्हा मिसळून दीड तास उलटला होता. काडी उचलली की तार धरत होती. अशा अवस्थेत ते पत्र्याला चिकटल्यासारखं दिसतं, पण भिजवत नाही. तार धरू लागलेलं मिश्रण फेकून द्या, कितीही महाग असलं तरी.

दुरुस्तीचे तीन रस्ते होते. बॅफलला दोन रिबच्या मधे गोल भोक पाडून आतून फिलेट द्यायचा आणि वर प्लेट बसवायची: हमखास, पण एक नवा जोड वाढतो. रिव्हेट ड्रिल करून नव्या सीलंटमध्ये बुडवून पुन्हा ओढायचा: यात जुन्या रिव्हेटची शेपटी आणि कीस टाकीत पडतो, तो सेंडरच्या भोकातून एक कण न सोडता बाहेर काढावा लागतो. तिसरा, टाकीत हलका व्हॅक्यूम धरून बाहेरून पातळ सीलंट आत ओढून घ्यायचं. स्लॉशिंगचा, म्हणजे पातळ द्रावण आत ओतून टाकी हिंदकळवायचा जुना उपाय यादीत नव्हताच. तो थर काही वर्षांनी सुटतो आणि पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतो.

भोक पाडायचं ठरलं होतं, प्लेटचं मापही काढून झालं होतं. पण फेस एकाच रिव्हेटला होता, शेजारचे कोरडे. एका रिव्हेटसाठी बॅफल कापणं पटेना, म्हणून आधी व्हॅक्यूम.

डोक्याभोवतीचा जुना सीलंट प्लास्टिकच्या पात्याने खरवडला, स्कॉच-ब्राइटने घासलं, मग एमईके या सॉल्व्हंटने तीनदा पुसलं, दर वेळी नवा कपडा. व्हॅक्यूम फक्त २५ सेंटीमीटर पाणी, त्याच मॅनोमीटरवर बघून. जास्त ओढलं तर स्किन आत बसते. मग ब्रशने लावायचं क्लास ए सीलंट. क्लास बी मध्ये एमईके घालून पातळ करायचा सल्ला बरेच जण देतात, तो मला मान्य नाही: सॉल्व्हंट उडालं की सीलंट आकसतं आणि जिथे भरायचं तिथेच फट राहते. पंधरा मिनिटं व्हॅक्यूम धरून वरून ब्रशने भर घालत राहिलो. चौथ्या मिनिटाला डोक्याच्या कडेला सीलंटमध्ये टाचणीएवढी खळी पडली. भर घातली, पुन्हा पडली. आत ओढलं जातंय याची ती खूण. सातव्या मिनिटाला खळी पडायची थांबली. व्हॅक्यूम सोडून वर क्लास बी ची टोपी दिली.

थंडीत सीलंट वाळायला दिवस लागतात. बॅफलच्या त्या भागावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवून आत हीटिंग पॅड टाकला, पाच दिवस २५ अंश धरले. एमईके पूर्ण उडून दार उघडं ठेवून हवा खेळल्यावरच पॅड लावायचा, त्याआधी नाही.

पुन्हा चाचणी लावायच्या आधी एक गोष्ट सुचली, आणि सगळी आकडेमोड सोपी झाली. मॅनोमीटरचं दुसरं टोक हवेत उघडं ठेवायचंच कशाला? २० लिटरचा पत्र्याचा डबा आधी पाण्यात बुडवून तपासला, मग टाकीच्या शेजारी त्याच रजईखाली ठेवला. टी-फिटिंगने दोन्हींत एकदम ६० सेंटीमीटर भरले आणि मधली नळी चिमट्याने बंद केली. आता यू-नळी टाकी आणि डबा यांच्यातला फरक दाखवते. थंडी पडली तर दोन्ही सारखेच उतरतात, बाहेरचा दाब हिशोबातच येत नाही. डबा लहान, त्यामुळे लवकर गार होतो. म्हणून वाचन पहाटे, तापमान तासभर स्थिर असताना घ्यायचं.

चौदा तासांनी फरक ०.४ सेंटीमीटर. दोन्ही भांड्यांत एक दशांश अंशाचा फरक असला तरी एवढा पडतो. दुसऱ्या रात्री ०.३, तोही उलट दिशेला. टाकी बंद आहे.

बाहेरून दिलेलं सीलंट आतून दिलेल्याइतकं भरवशाचं नसतं, कारण इंधनाचा दाब आतल्याला जागेवर दाबतो आणि बाहेरच्याला ढकलतो. इंधन भरल्यावर त्या झेड-ब्रॅकेटखाली १००एलएल या विमानाच्या पेट्रोलचा निळा डाग दिसतो का, यावर डोळा ठेवावा लागेल. प्लेटचं माप म्हणून वहीत जपून ठेवलंय.

उजव्या टाकीचे स्टिफनर (स्किन ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) बसले, रिब क्लेकोवर (तात्पुरत्या पकडखिळ्यांवर) उभ्या आहेत. सीलंटचा नवा डबा आला तो मुदत संपायला पाच आठवडे असताना. पुरवठादाराला ऑर्डर देतानाच तारीख विचारत जा. लहान मिश्रणासाठी ०.१ ग्रॅमचा काटा हवाच: ४० ग्रॅम बेसला ४ ग्रॅम अ‍ॅक्सिलरेटर, तिथे स्वयंपाकघरातला एका ग्रॅमचा काटा अर्ध्या ग्रॅमने चुकला तरी ते बारा टक्के होतात. फिलेटसाठी मेंदीच्या कोनाला तोड नाही. जाड प्लास्टिकचा कोन, टोक ३ मिलिमीटर कापलेलं. रिबच्या नाकापाशी जिथे काडी वळत नाही, तिथे त्याने एका दमात सरळ धार बसते.

उजव्या टाकीचं बॅफल बंद करायचा क्रम बदलतोय. आधीचा बेत एकाच मिश्रणाचा होता. आता ६० ग्रॅम बॅफलच्या कडा आणि रिबच्या फ्लँजसाठी, आणि झेड-ब्रॅकेटसाठी वेगळं ४० ग्रॅम, कडा क्लेकोवर बसल्यानंतरच मिसळलेलं. फ्लँजवर सीलंटची एक धार पुरायची नाही, भोकांच्या दोन्ही बाजूंनी दोन धारा. प्रत्येक एडी-४२-एच बुडवून, ओढण्याआधी एक पूर्ण फेरा फिरवून. गॅरेज २० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. हे लिहिताना आणखी एक सुचतंय: बॅफल लावण्याआधी टाकी नाकावर उभी करून रिबच्या अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरून रात्रभर ठेवायची, म्हणजे स्किन आणि टोकांच्या रिबचा निकाल आतून हात पोहोचत असतानाच लागेल. नंतर पाणी काढून दोन दिवस पंख्याखाली सुकवायची आणि जोडाच्या जागा एमईकेने पुसून घ्यायच्या. शनिवारी पाणी भरतोय.