हजार जणांना विचारून साऱ्या शहराचे कसे सांगता?

मी बाजार संशोधनात, म्हणजे ग्राहकांच्या सर्वेक्षणात, काम करतो हे कळले की बहुतेक जण विचारतात, “आमच्याकडे तर कधी कोणी आले नाही, मग हजार जणांना विचारून तुम्ही साऱ्या पुण्याचे मत कसे सांगता?” तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

गणिताचे उत्तर थोडक्यात देता येते. निव्वळ यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला सारखी संधी देऊन चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडलेल्या हजार जणांच्या उत्तरांवरून काढलेली टक्केवारी 100 पैकी 95 वेळा खऱ्या टक्केवारीच्या सुमारे 3 टक्के अलीकडे-पलीकडे येते, मग शहर दहा लाखांचे असो वा कोटीचे. खरी अडचण ‘यादृच्छिक’ या अटीत आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातले कोणतेही शीत चालते. माणसांचे तसे नाही. अमेरिकेत 1936 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतदारांची उत्तरे मिळवूनही उमेदवार लँडन जिंकणार असे सांगितले आणि प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. ज्यांच्या घरी टेलिफोन किंवा मोटार होती, त्यांचाच भरणा साप्ताहिकाने वापरलेल्या नावांच्या याद्यांत अधिक होता, आणि उत्तर पाठवण्याची तसदीही सर्वांनी सारखी घेतली नव्हती.

म्हणून आमच्या कामात कोणाला विचारायचे हे मुलाखतकाराच्या मर्जीवर सोडलेले नसते. मतदार यादीतून सुरुवातीचा पत्ता काढून दिला जातो, तेथून उजव्या हाताने निघून ठरावीक घरे सोडत जायचे असते, आणि घरातही दार उघडणाऱ्यालाच विचारून चालत नाही. प्रौढ सदस्यांची वयानुसार यादी करून तक्त्याप्रमाणे एकाची निवड करावी लागते. निवड सुनेची झाली की सासूबाई हमखास म्हणतात, “तिला काय विचारता? मी सांगते ना!” तेव्हा त्यांचा मान राखून सुनेशीच बोलणे, आणि ती कामावर गेली असेल तर संध्याकाळी पुन्हा येणे, हे या व्यवसायातले सर्वांत मोलाचे कौशल्य आहे असे मी मानतो. इडली-डोशाच्या तयार पिठाचे सर्वेक्षण घ्या: दुपारी कुलूप दिसलेले घर सोडून शेजारच्या घरी मुलाखत उरकली, तर नवरा-बायको दोघेही नोकरी करतात अशी घरे गळतात, आणि ते पीठ विकत घेण्याचा संभव त्यांचाच अधिक असतो.

पर्यवेक्षक काही घरी पुन्हा जाऊन किंवा फोन करून मुलाखत खरोखर झाली का, हे तपासतात. ती तपासणी हवीच; पण मुलाखतकाराला पूर्ण झालेल्या मुलाखतीमागे पैसे द्यायचे आणि बंद दाराशी घातलेल्या फेऱ्यांचे काहीच द्यायचे नाहीत, ही पद्धत मला अन्यायाची वाटते, आणि तिचा फटका शेवटी आकड्यांनाच बसतो. त्यामुळे अहवाल हाती आला की एकूण मुलाखतींच्या आधी मी किती घरे बंद होती, किती जणांनी नकार दिला आणि किती ठिकाणी दुसरी फेरी झाली, हे पाहतो.

राहिला तुमच्या घराचा प्रश्न. दहा लाख घरांच्या शहरात हजार घरे निवडली, तर तुमची पाळी येण्याची शक्यता हजारात एक असते. मात्र तुमच्या सोसायटीच्या फाटकावरच मुलाखतकाराला अडवत असतील, तर ती शून्य होते. अशा वेळी आम्ही ओळखपत्र आणि कंपनीचे पत्र घेऊन आधी सेक्रेटरींची परवानगी मागतो.