अर्ध्या ओळीत थांबले

आज दुपारी मेथी निवडत बसले होते, फोनवर सुरैया लावलेली, जुन्या हिंदी सिनेमातली गाणारी नटी. बडी बहनमधलं ‘वो पास रहे या दूर रहे’. मी पण सोबत गात होते, बऱ्यापैकी मोठ्याने, घरात कुणी नाही म्हणून. तेवढ्यात लॅचचा आवाज आला, धाकटा लवकर आला होता, आणि मी ओळ अर्धी टाकून गप्प. फोन चालूच, फक्त मी गप्प. तो फ्रीजमधून पाणी घेत म्हणाला, ‘थांबलीस का गं?’ आणि आपल्या खोलीत गेला. झालं एवढंच. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

कारण मला आठवतच नाही मी कधीपासून अशी थांबते. कुणी गाऊ नको म्हटलेलं नाही. सासूबाई तर उलट... जाऊ दे. गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाल्यावर बाईंचा क्लास सुटला तो सुटलाच, मग पेटी माळ्यावर गेली, मग दोन बाळंतपणं, मग आईचं आजारपण. कुणाला दोष द्यावा असं कुणी सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचाच जास्त त्रास होतो.

सुरैयाच्या गोष्टीत निदान आजी आहे. देव आनंदबरोबर १९४८ ते १९५१ मधे सात सिनेमे केले, मग आजीने लग्नाला नाही म्हटलं, त्याने दिलेली अंगठी समुद्रात गेली, हे सगळ्यांना पाठ असतं. तिचं नाव काढलं की लोक पहिलं लग्नाचंच बोलतात. मला मात्र आज दिवसभर तिच्या गाण्याचंच वाटत राहिलं. १९६३ ला रुस्तम सोहराब आला, त्यातलं संगीतकार सज्जादसाहेबांनी बांधलेलं तिचं शेवटचं गाणं, काय गायलीय ती! आवाज गेलाय म्हणून बाई थांबली असं ते गाणं ऐकून कुणी म्हणू शकणार नाही. वय चौतीस. आणि त्यानंतर २००४ च्या जानेवारीत जाईपर्यंत, मरीन ड्राइव्हच्या त्या कृष्ण महलमधे चाळीस-एकेचाळीस वर्षं, एकही नवीन सिनेमा नाही, नवीन गाणं नाही. घरात कुणी नसताना गुणगुणत असेल का? दाराची बेल वाजली की थांबत असेल का माझ्यासारखी?

सुरुवात कशी होती तिची. रीतसर तालीम नाही, नुसतं ऐकून ऐकून शिकलेली, रेडिओवर लहान मुलांच्या कार्यक्रमात गायची. संगीतकार नौशादनी १९४२ मधे शारदा सिनेमासाठी तिला नायिका मेहताबचा आवाज केलं तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती! म्हणजे कुणाच्या तरी आड उभी राहून गाण्यापासून सुरुवात केली आणि मग पडद्यावर स्वतः येऊन स्वतःचं गायली. मला वाटतं तिच्या गाण्यात जे आहे ते इथून येतं. तोंड तिचं, श्वास तिचा, शब्द तिचाच, मधे कुणी नाही. सैगलबरोबर परवाना सिनेमात उभी राहिली तेव्हाही कुठे दबलेली नाही. फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेली आणि इकडे स्वतः गाणाऱ्या नट्यांतली ही जवळजवळ एकटीच उरली.

१९४९ साल मला फार विचित्र वाटतं. दिल्लगी आणि बडी बहन, दोन्ही तिची, लोक वेडे झालेले. आणि त्याच वर्षी महल आणि बरसात, लताबाई. त्याहून पुढचं म्हणजे बडी बहनमधेच लताबाईंचं ‘चुप चुप खडे हो’ आहे, म्हणजे ज्या सिनेमात हिची गाणी गाजली त्यातच येणारा काळ पण गात होता. त्यानंतर नटीला गाता यायची गरजच उरली नाही. मी लताबाईंवर वाढलेय, तक्रार नाही, पण आज पहिल्यांदा त्या बाजूने वाईट वाटलं.

तरी मिर्झा गालिब १९५४ चा आहे हे संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं, आणि हात थांबला. आदल्या वर्षी श्यामची आईला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणि त्या वर्षी मिर्झा गालिबला. म्हणजे काळ बदलल्यावर पाच वर्षांनी तिने गायक तलत महमूदसमोर उभं राहून त्या गझला गायल्यात. आणि त्यातला आवाज खालचा आहे, घाईत नसलेला. वरच्या पट्टीत जाऊन कुणाला काही दाखवायचं नाहीये तिला. दुपारपासून मी तिला बिचारी बिचारी करत बसले होते ते काही बरोबर नाही. तिने जे गायचं ते पूर्ण गाऊन ठेवलंय, ओळ अर्धी टाकलेली नाही. अर्धी टाकली ती मी.

माझं पेटीच्या काळी चार पट्टीत वरच्या सा पर्यंत जायचं आता होत नाही, आजच कळलं. त्याहून खालच्या पांढरी चारमधे बसतं. बसू दे.

पेटी काढायला धाकट्याला सांगितलंय, स्टूलवर मी चढले तर हे ओरडतील. भात्याला नक्कीच कुठेतरी भोक पडलं असणार, दुरुस्त करून मिळते का बघते. तोपर्यंत फोन आहेच. रात्री ओटा पुसताना परत तेच लावलं, धाकटा बाहेर सोफ्यावर होता. दुसऱ्या ओळीपर्यंत गेले. हळूच, पण गेले.