सहा, सहा, सहा, चार

तेरा गाथांचं बिल टेबलावर आलं तेव्हा मी ते आधी उलटं करून पाहिलं. ही जुनी सवय. प्राध्यापक मंडळी बिलामागे काहीही लिहितात, किराण्याची यादीसुद्धा सापडली आहे. या बिलामागे काही नव्हतं. पुढे दुकानाचा शिक्का, ‘तुकाराम गाथा, नग १३, दर ४२०, एकूण ५,४६०’ आणि कोपऱ्यात मराठीच्या मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलेलं : ‘एआय अनुदान’.

मी एका अनुदानित कॉलेजात हिशेबाचं टेबल सांभाळतो. सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. बेरजा आता एक्सेल करतं, त्यामुळे त्यात आमची काही कर्तबगारी उरलेली नाही. आमचं खरं काम हेड, म्हणजे खर्चाचं शीर्षक, सांभाळायचं. पैसा ज्या हेडखाली मंजूर झाला त्याच हेडखाली खर्च झाला पाहिजे, आणि वर्षअखेर तसं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत ‘यूसी’, गेलं पाहिजे. नमुना बहुतेक ठिकाणी केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतला १२-ए हाच, थोडा इकडेतिकडे करून वापरतात. त्यावर सीएची सही लागते आणि सहीखाली यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा अठरा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक. तो नंबर नसेल तर ती सही फक्त शाई.

तर योजना अशी. विद्यापीठानं शिक्षकांसाठी अनुदान काढलं : अध्यापनात कृत्रिम बुद्धिमत्ता आणा, ५० हजारांपर्यंत घ्या. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षणातल्या एआयच्या केंद्रासाठी ५०० कोटी ऐकले होते, तेव्हापासून प्रत्येक परिपत्रकात हा शब्द असतोच. आमच्या कॉलेजातून दोन प्रस्ताव गेले. एक मॅडमचा आणि एक दुसऱ्या विभागातल्या सरांचा.

मॅडमचं अंदाजपत्रक मीच बसवून दिलं, जून २०२५ मध्ये. आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान होता. चॅटजीपीटीची वर्गणी महिना २० डॉलर. बाकीच्यांनी २० गुणिले ८६ करून १,७२० लिहिलं असतं आणि पुढे बोंबलत बसले असते. मी १८ टक्के जीएसटी धरला, म्हणजे २३ डॉलर ६० सेंट. त्यावर बँक कार्डाला साडेतीन टक्के परकीय चलनाचे लावते, ते धरले, त्या साडेतीन टक्क्यांवरचा जीएसटीसुद्धा धरला. डॉलर चढला तर म्हणून थोडी हवा ठेवली. वर्षाचे २६ हजार. सॉफ्टवेअर २६,०००, उपकरणं १४,०००, कार्यशाळा ८,०००, किरकोळ २,०००. कॉलेजचं चेकबुक अमेरिकेत चालत नाही, म्हणून मॅडमनी स्वतःच्या कार्डानं भरायचं, पावती कॉलेजच्या नावे घ्यायची आणि मी दरमहा परतावा द्यायचा, इथपर्यंत टिपण तयार होतं. प्रिन्सिपल सरांनी न वाचता सही केली. ते सगळ्यालाच तशी करतात.

मंजुरी आली नोव्हेंबरात, पैसे जमा झाले डिसेंबरात. मधल्या काळात काय झालं ते फोन वापरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. ऑगस्टमध्ये चॅटजीपीटीच्याच कंपनीनं भारतात ३९९ रुपयांची वर्गणी काढली आणि नोव्हेंबरात तीही वर्षभर फुकट करून टाकली. गूगलनं तर विद्यार्थ्यांना जुलैतच वर्षभराचं देऊ केलं होतं. माझा साडेतीन टक्क्यांवरचा जीएसटी तसाच फायलीत पडून राहिला. २६ हजार रुपये बँकेत, आणि ज्याच्यासाठी आणले ते मुलांच्या खिशात फुकट.

जानेवारीच्या शेवटी मॅडम ते बिल घेऊन आल्या.

“मॅडम, हे कशात टाकू?”

“सॉफ्टवेअरचे पैसे पडलेत ना?”

“गाथा सॉफ्टवेअर आहे का?”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एस.वाय.ला बावन्न मुलं आहेत. चौघांत एक पुस्तक लागतं, त्याशिवाय माझा तास होत नाही.”

“नेटवर आहे की फुकट.”

“नेटवरच तर घोटाळा आहे, भाऊसाहेब.”

मला तेव्हा ते कळलं नाही, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. मंजूर अंदाजपत्रकात पुस्तकं हे हेडच नव्हतं. मी बसवलेल्या अंदाजपत्रकात. फार तर किरकोळमध्ये २,००० आहेत, त्यात चार प्रती बसतील, चारांचं वेगळं बिल आणा, असं मी म्हणालो. बिल फोडणं हा आमच्याकडे गुन्हाच, ऑडिटरचा पहिला डोळा तिथे जातो. तरी मीच सुचवलं. मॅडम भर उन्हात परत दुकानात गेल्या आणि एकाची दोन बिलं करून आणल्या. १,६८० मी पास केले. ३,७८० चं बिल त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

नियमात मार्ग नाही असं नाही. पुनर्विनियोजन म्हणतात त्याला, एका हेडचा पैसा दुसरीकडे वळवायचा, पण आधी परवानगी घेऊन. मी त्याच दिवशी विद्यापीठाला पत्र केलं, जावक क्रमांक टाकून. आठवडाभरानं फोन लावला. पलीकडचा मुलगा सभ्य होता, कंत्राटी असावा. “सर, पोर्टलवर त्याचा ऑप्शनच नाही. हेड लॉक आहेत.” पत्राचं काय, विचारलं. “पत्र पोर्टलवर अपलोड करा.” कुठे? “तोच ऑप्शन नाही.”

शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात माझा एक जुना मित्र याच टेबलावर आहे. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “दुकानदाराला सांग, ‘मराठी भाषिक डेटा, नग १३’ असं बिल दे. सॉफ्टवेअरमध्ये टाक नि मोकळा हो.” त्याची एकही यूसी आजवर परत आलेली नाही. मी नाही म्हणालो. तेव्हा त्याचं मला बरंही वाटलं होतं.

फेब्रुवारीत मी ऑइलपेंटची डबी आणि बारका ब्रश घेऊन मॅडमच्या वर्गात गेलो. उपकरणांच्या हेडमधून त्यांनी मोठा मॉनिटर घेतला होता ९,८०० चा, आणि माइकसकट स्पीकर ४,१५० चा. डेड स्टॉक, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या, रजिस्टरला नोंद केली की तो नंबर वस्तूवर लिहावा लागतो, आणि तो मी कुणाला लिहू देत नाही. शिपाईमामांचा ७ नेहमी १ वाटतो. तास सुरू होता. मॅडम म्हणाल्या, मागे बसा, वीस मिनिटांत संपेल. बसलो.

मॉनिटरवर चार अभंग होते, चारही ‘तुका म्हणे’नं संपणारे. मॅडमनी सांगितलं, दोन गाथेतले आहेत, दोन मशीनकडून लिहून घेतलेत. कोणते कुठले? आणि नुसतं बोट दाखवायचं नाही, कशावरून ते सांगायचं.

तिसरा अभंग असा सुरू होत होता :

मनाचा तणाव । दूर करी देवा ।
शांतीचा अनुभव । द्यावा मज ॥

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, तुकोबांना तणाव?” वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, हसू नका, कारण सांगा. तणावा हा शब्द जुना आहे, तंबूच्या दोरीला म्हणत. मग इथे काय खटकतं? एक मुलगी उठून म्हणाली, हा सुविचाराच्या फळ्यावरचा वाटतो. मॅडमनी ‘वाटतो’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याला गोल केला.

मी आपला बोटांवर मोजत होतो. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा, चार अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. आकडे कानावर पडले की माझी बोटं थांबत नाहीत. मनाचा तणाव, सहा. दूर करी देवा, सहा. शांतीचा अनुभव, सात. पुन्हा मोजलं, सातच. देवा नि अनुभव, यमकही नाही.

“भाऊसाहेब, तुमचा काय हिशेब?” मॅडमनी पाहिलं होतं.

“तिसऱ्यात एक जास्त,” मी म्हणालो. पोरं मागे वळून बघायला लागली.

“बरोबर. पण खऱ्या अभंगातही कधी एखादं अक्षर कमी-जास्त होतं. तेवढ्यावर नापास करता येत नाही.”

मग त्यांनी सगळ्यांसमोर त्या मशीनलाच विचारलं, हा अभंग गाथेत कुठे आहे? क्षणात उत्तर आलं. अगदी आदबीनं. अभंग क्रमांक दोन हजार तीनशे कितवा तरी, वर दोन ओळींचा अर्थ. मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. तीस वर्षांत अशी व्हाउचरं किती हातातून गेलीत : नंबर आहे, तारीख आहे, शिक्का गोल आहे, रक्कम अक्षरी बरोबर आहे, फक्त त्या पत्त्यावर दुकान नाही. बोगस बिल कधीच गचाळ नसतं. गचाळ असतं ते खरं बिल, तेलाचे डाग पडलेलं.

“उघडा,” मॅडम म्हणाल्या.

तेरा गाथा एकदम उघडल्या. त्या क्रमांकावर दुसराच अभंग. शेवटी अकारविल्हे सूची असते, तिच्यात ‘म’वर बोट फिरवत प्रत्येक चौकडीनं तपासलं. चार हजारांवर अभंगांमध्ये तो नव्हता. पुढची गंमत मला जास्त लागली. वर्गातल्या बहुतेकांनी पहिला अभंग मशीनचा ठरवला होता. फार साधा होता, शेजारच्यानं ओट्यावर बसून बोलावं तसा. तो गाथेत निघाला. एक मुलगी सूचीत सापडलेली ओळ परत परत वाचत होती. शेवटी तिनं हळूच वहीतली फुली खोडली.

तास संपल्यावर मी मॉनिटर पालथा करून नंबर लिहिला. हात नेहमीसारखा स्थिर नव्हता, ४ जरा जाड झाला. मॅडम गाथा मोजून कपाटात ठेवत होत्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “तेरा आहेत. चार तुमच्या, नऊ माझ्या.”

मूळ बिल आणा, झेरॉक्स चालणार नाही, हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणतो. हा विचार डोक्यात आला आणि मी तो तिथेच ठेवला, कारण खाली पगारबिलं वाट बघत होती.

दुसऱ्या प्रस्तावाचंही सांगतो, विषय निघालाच आहे तर. त्या सरांनी उपकरणांच्या हेडमध्ये टॅब घेतला. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीच्या सह्या, सगळं चोख. टॅबवर नंबर मीच लिहिला, फार सुबक. त्यानंतर तो टॅब कॉलेजात मला दिसलेला नाही. सॉफ्टवेअरचं बिल त्यांनी एका दुकानातून आणलं, वर्षाच्या पॅकेजचं. ते पॅकेज काय करतं हे विचारणं माझ्या टेबलाचं काम नाही. हेड बरोबर, रक्कम बरोबर. त्यांची यूसी शून्य शिल्लक दाखवून गेली आणि ‘निधीचा १०० टक्के विनियोग’ म्हणून विद्यापीठाच्या यादीत वर आली.

मॅडमची यूसी मी २८ मार्चला केली. मॉनिटर-स्पीकरमध्ये ५० उरले, कार्यशाळेत ४०, किरकोळमध्ये ३२०, सॉफ्टवेअरचे अख्खे २६,०००. शिल्लक २६,४१०. त्यावर बचत खात्याचं व्याज ३१८, तेही परत करावं लागतं, पुष्कळ कॉलेजं विसरतात आणि मग दोन वर्षांनी नोटीस येते. एकूण २६,७२८ एनईएफटीनं परत. सीएनं फाइल चाळून विचारलं, “निम्म्याहून जास्त परत? काम झालं नाही का?” मी म्हणालो, झालं. त्यांनी मान डोलावली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘अंशतः विनियोग’ लिहिलं. त्या रकान्यात तास मांडायला जागा नसते.

त्या नऊ गाथांचा प्रश्न राहिला. ग्रंथपाल म्हणाले, बिल कॉलेजच्या नावे नाही, दाखल करून घेता येणार नाही. म्हणजे चार दाखल नोंदवहीत आणि नऊ निराधार, एकाच कपाटात. मग मीच मॅडमकडून देणगीपत्र लिहून घेतलं, ‘भेट’ असा शिक्का मारायला लावला. देणगीपत्रात किंमत लिहायची असते. मॅडमनी रकाना कोरा सोडला होता. मी त्यात ३,७८० लिहिले.

या वर्षीचं परिपत्रक मागच्या आठवड्यात आलं. मॅडमना पुन्हा भरायचं आहे, या खेपेला ओव्या घेणार म्हणतात, जात्यावरच्या, आसपासच्या गावांतून मुलांनी गोळा केलेल्या. त्यांना रेकॉर्डिंगसाठी गावोगाव जायचं एसटीचं भाडं हवंय आणि गाणाऱ्या आजीबाईंना प्रत्येकी एक साडी. पोर्टल उघडलं. हेडच्या रकान्यात तेच चार पर्याय : सॉफ्टवेअर, उपकरणं, कार्यशाळा, किरकोळ. किरकोळला कमाल २,०००.

“साडी कशात बसते?” मॅडमनी विचारलं.

मी मेल केलाय विद्यापीठाला. पुस्तकं, प्रवास आणि साडी, तिन्हींबद्दल, मुद्देसूद. अजून उत्तर नाही. मुदत पंधरा तारखेची आहे. तोवर मधल्या सुट्टीत डबा खाताना मी कपाटातली एक गाथा आणून चाळतो. परवा सलग नऊ अभंग मोजले. दोन ठिकाणी एकेक अक्षर जास्त निघालं.