यवतेश्वरचा उतार

स्वारगेटहून सुटलेली एसटी खंबाटकीला पहिल्या गिअरवर आली की माझी नजर खिडकीतून रस्त्यावर जाते. इथे पळता येईल का, कुठल्या वळणावर चालावं लागेल, असा हिशेब आपसूक सुरू होतो. चाळिशीत पळायला लागल्यापासून जडलेली ही सवय. शनिवारची दुपार होती, मांडीवर सॅक, सॅकमध्ये पळायचे बूट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातारा हिल हाफ मॅरेथॉन.

२०१२ पासून पावसाळा सरत येतो त्या सुमाराला ही शर्यत होते. २०१५ साली एकाच डोंगरी शर्यतीत सर्वांत जास्त माणसं पळाल्याची गिनीज बुकात नोंद झाली, २,६०० हून जास्त धावपटू होते तेव्हा. पोलिस परेड ग्राउंडवरून निघायचं, शहर ओलांडून समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाटाला लागायचं, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि वळसा घेऊन त्याच वाटेने परत. २१ किलोमीटरमधला जातानाचा अर्धा बहुतेक चढ, येतानाचा अर्धा बहुतेक उतार. आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये सगळे चढाबद्दलच बोलतात. मला मात्र उताराबद्दल सांगायचं आहे, कारण आदल्या वर्षी मी चढ नीट चढले होते आणि उतारावर मोडले होते.

त्या वर्षीची तयारी म्हणजे दर रविवारी सिंहगडाचा घाट पळत चढणं. वर पोहोचलं की पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि कुणाच्या तरी गाडीतून खाली. गुडघे वाचले, असं आम्ही समाधानाने म्हणायचो. साताऱ्यात चढ १ तास २४ मिनिटांत झाला. वरच्या वळशापाशी अंगात इतका हुरूप होता की उतार दिसताच मी लांब ढांगा टाकत सुटले. कितीजणांना मागे टाकलं त्याची मोजदाद करत होते. तीन किलोमीटर मजेत गेले. मग उजव्या मांडीत पेटका आला, पाठोपाठ डाव्या, आणि घाटाच्या अर्ध्यावर मी कठड्याला धरून उभी. ज्यांना मागे टाकलं होतं ते सगळे एकेक करून शेजारून गेले. उताराला १ तास १९ मिनिटं लागली. शेवटचे पाच किलोमीटर जवळपास चालतच केले आणि घरी येऊन रडले.

नंतर फिजिओथेरपिस्टने समजावून सांगितलं तेव्हा उलगडा झाला. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी अख्ख्या शरीराचा भार अडवून धरत असतो. प्रत्येक पावलाला एक छोटा ब्रेक. त्यात बारीक बारीक तंतू दुखावतात, आणि ढांग जितकी लांब, टाच जितकी पुढे आपटेल, तितका तो ब्रेक जास्त बसतो. दम लागला की निदान कळतं तरी. उतारावर दम लागत नाही, म्हणून सगळं छान चाललंय असं वाटत राहतं आणि आत मांड्या संपत असतात. चांगली गोष्ट अशी की स्नायू हा मार लक्षात ठेवतो. एकदा उतार पळून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तेवढाच उतार त्यांना कमी बाधतो. मग या वर्षी सिंहगडावरून गाडीने उतरणं बंद केलं. पहिल्या रविवारनंतर दोन दिवस ऑफिसच्या खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागलं. चौथ्या रविवारी काहीच झालं नाही.

साताऱ्याला माझी आत्या यादोगोपाळ पेठेत राहते. बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, घेऊन तिच्याकडे पोहोचले तोवर कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. भात, साधं वरण, बटाट्याची भाजी. "तिखट काही केलं नाही गं, उद्या पळायचंय तुला," म्हणाली. रात्री तांब्या उशाशी ठेवत तिने नेहमीचं वाक्य म्हटलं, "कासचं पाणी आहे, भरपूर पी." कास तलावाचं हे पाणी पंपाविना, निव्वळ उताराच्या जोरावर या पेठांपर्यंत येतं. ज्या डोंगरावर मी सकाळी जाणार, तिथूनच ते खाली आलेलं. झोप लागेपर्यंत माझ्या डोक्यात तेच फिरत होतं.

सकाळी परेड ग्राउंडवर बारीक भुरभुर होती. अजिंक्यतारा ढगात. राष्ट्रगीत झालं, हॉर्न वाजला आणि गर्दी हलली. सातारा शहर स्वतःच उतरणीवर वसलेलं आहे, त्यामुळे घाट यायच्या आधीच पोवई नाक्यापासून पायांना चढाची चाहूल लागते. बाहेरगावचे लोक इथेच फसतात, शहराला सपाट समजून जोरात निघतात. मी घड्याळाकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढंच माप. समर्थ मंदिराजवळ आत्या छत्री घेऊन उभी होती. शेजारच्या बायकांना "आमच्या दादाची मुलगी" म्हणून दाखवत होती. मी हात केला तर तिने छत्रीच हलवली.

घाट सुरू झाला तशी बोलणी थांबली. शेकडो बुटांचा ओल्या डांबरावरचा चपचप आवाज आणि श्वास, एवढंच. डाव्या हाताला खाली शहर हळूहळू लहान होत गेलं, मग धुक्याने तेही पुसलं. दरडीवर तेरड्याचा गुलाबी थर, मध्येच सोनकीचे पिवळे पुंजके. एका वळणावर हलगी वाजत होती. वाजवणारे काका साठीपुढचे असतील. हलगी छातीशी टेकवलेली, डाव्या हातातली लांब बारीक काडी थरथरत कड धरून होती आणि उजव्या हातातली जाड टिपरी ठोका देत होती. पावसाने कातडं सैल पडत असणार, कारण शेजारी एक मुलगा पत्र्याच्या डब्यात विस्तव घेऊन बसला होता आणि दुसरी हलगी त्यावर शेकत होती. काकांचे डोळे आमच्या पायांवर होते. माझ्यासमोरचा माणूस चालायला लागला तसा त्यांनी ठोका जलद केला, आणि तो खरंच पळू लागला. त्या ठोक्यावर मी पुढची दोन वळणं चढले. आवाज धुक्यात विरला तरी पाय त्याच तालात पडत होते.

जायचा-यायचा रस्ता एकच, त्यामुळे आपण अजून चढत असतानाच सगळ्यांत पुढचे धावपटू समोरून उतरत येतात. आपण बाजूला होऊन टाळ्या वाजवतो. मी त्या दिवशी त्यांची पावलं बघितली. छोटी, भराभर पडणारी, जवळपास आवाज न करणारी. इतका वेग, पण आपटणं कुठेच नाही. पाण्याच्या टेबलापाशी एक शाळकरी मुलगी ग्लास देता देता माझ्याबरोबर दहा-बारा पावलं पळाली, चपला घालूनच. कुठली तू, विचारलं तर म्हणाली, "माणची." त्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळून दहावी आली होती. त्या मुलीला मी हे सांगावं एवढा दम नव्हता माझ्यात, आणि तिला ते माहीत नसेल असंही वाटलं नाही.

वळशापाशी घड्याळ बघितलं. १ तास २७ मिनिटं, आदल्या वर्षीपेक्षा तीन मिनिटं जास्त. क्षणभर पोटात खड्डा पडला. तरी थांबून सावकाश दोन ग्लास पाणी प्यायले, मीठ लावलेली संत्र्याची फोड चोखली, आणि उतरायला लागले. अंग घोट्यांतून किंचित पुढे, कोपरं जरा बाहेर, पावलं लहान. पहिले दोन किलोमीटर फार अवघड गेले, कारण रस्ता ओढत होता आणि लोक ढांगा टाकत भर्रकन पुढे जात होते. जाऊ दे, जाऊ दे, असं मी पुटपुटत होते. कठड्याची ती जागा आली. ओळखली मी, तिथे पांढऱ्या रंगाचा पोपडा उडालेला आहे. मांड्या चाचपल्या. जड होत्या, पण माझ्या ताब्यात होत्या. तिथून पुढे मी हात मोकळे सोडले. हलगीवाले काका अजून वाजवतच होते, मी त्यांना पळता पळता नमस्कार केला, त्यांनी मान हलवली.

शहरातल्या उतारावर ऊन पडलं होतं. आदल्या वर्षी जिथे फरपटत गेले होते तिथे मी पळत होते. परेड ग्राउंडच्या फाटकातून आत शिरताना गळा दाटून आला होता, म्हणून तोंडाने श्वास घेत शेवटची रेघ ओलांडली. उतार १ तास ८ मिनिटं. एकूण २ तास ३५ मिनिटं, आदल्या वर्षीपेक्षा आठ मिनिटं कमी. पदक गळ्यात पडल्यावर सगळ्यांत आधी आत्याला फोन केला. तिने वेळ विचारली नाही, "पाय कसे आहेत?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली होती. आत्याला घेऊन कासला गेले, रिक्षावाल्याने आम्हाला त्याच घाटातून वर नेलं. आत्या प्रत्येक वळणावर म्हणायची, "इथून पळालीस?" आणि मी दर वेळी हो म्हणायचे. पठारावर सीतेची आसवं फुलली होती, पाणथळ कातळावर निळसर जांभळा शिडकावा. ती फुलं नखाएवढीच, उभ्याने नीट दिसत नाहीत. मी वाकून उकिडवी बसले आणि बघत राहिले. उठायची वेळ आली तेव्हा मांड्यांनी साफ नकार दिला. आत्याने छत्री काखेत मारली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "धर."