तुम्ही विचारलंत म्हणून : लातुरात बसून स्टार ट्रेक

प्रश्न एकच, विचारणारी तोंडं वेगळी. प्रयोगशाळेत नव्यानं लागलेली मुलं आदबीनं विचारतात, "मॅडम, तुम्ही ते स्टार ट्रेक एवढं का बघता?" जाऊबाई विचारतात, "अजून त्या टोकदार कानवाल्याचं संपलं नाही व्हय?" आणि उदगीरचा माझा चुलतभाऊ विचारत नाही, सरळ ठरवूनच टाकतो : "इथं प्यायला पाणी नाही, आन् ही आभाळात फिरलाली."

खरा प्रश्न या चुलतभावाचा आहे. त्याला म्हणायचंय की हा पळपुटेपणा आहे. तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यापुरतं आधी थोडं. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. जीन रॉडनबेरी तिचे जनक. एन्टरप्राइझ नावाचं यान, त्यावर वेगवेगळ्या देशांची नि ग्रहांची माणसं, आणि अनोळखी जगं बघत फिरणं हेच काम. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिसरा सीझन निघाला, आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये गाशा गुंडाळला. पण पुनर्प्रक्षेपणात ती अशी काही चालली की १९७९ मध्ये चित्रपट आला (त्यात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा डोक्याचा चकोट करून झळकली), आणि १९८७ मध्ये नवं यान, नवा कॅप्टन घेऊन दुसरी मालिका. मग तिसरी, चौथी, पाचवी. गणगोत वाढतच गेलं. मला ती भेटली नव्वदच्या दशकात, स्टार प्लस इंग्रजी असताना. दूरदर्शननं जुनी मालिका त्याआधीच रविवारी सकाळी दाखवली होती, पण तेव्हा मी लहान होते आणि आमच्या घरी रविवार सकाळ म्हणजे न्हाणं आणि तेल.

आता मी काय करते ते सांगायला पाहिजे, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथंच आहे. मी पाणी तपासते. गावोगावचे जलसुरक्षक बाटल्यांत नमुने आणतात. बोअरचं, हापशाचं, विहिरीचं, टाकीचं. कुणी नियमाप्रमाणे स्वच्छ बाटलीत आणतो, कुणी कोल्ड्रिंकच्या. मग टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), कठिणता, फ्लोराइड, नायट्रेट. कठिणतेच्या टायट्रेशनमध्ये द्रावण दारूसारखं लाल असतं, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला निळं होतं. इतकी वर्षं झाली तरी त्या थेंबाला मला बरं वाटतं. जिवाणू तपासायला पाण्याची बाटली ठेवून द्यायची आणि एक-दोन दिवस वाट बघायची. काळी पडली की समजायचं.

नमुना आणणाऱ्याला मात्र तेव्हाच्या तेव्हा उत्तर पाहिजे असतं. "मॅडम, नुसतं बघून सांगा की, चांगलं आहे का?" अशा वेळी मला स्पॉकच्या, म्हणजे जाऊबाईंच्या त्या टोकदार कानवाल्याच्या, खांद्याला लटकणारी ती काळी पेटी आठवते, ट्रायकॉर्डर. समोर धरायची, आकडे हजर. प्रकाशापेक्षा वेगानं नेणारं ते वॉर्प इंजिन मला नको, कुठं जायचंय मला? पण तो ट्रायकॉर्डर एक मिळाला तर जिल्हा फिरून येईन.

या मालिकेवर माझा जीव पहिल्यांदा जडला तो तिच्या गरिबीमुळे. माणसं झगमगत विरघळतात आणि ग्रहावर प्रकटतात ना, त्या ट्रान्सपोर्टरच्या मुळाशी कुठलाही थोर विचार नव्हता. दर आठवड्याला यान जमिनीवर उतरताना दाखवणं परवडत नव्हतं. सगळ्यात आधी दाखवलेल्या भागात मीठ शोषून घेणारा प्राणी होता. त्यासाठी सामानवाल्यानं चित्रविचित्र आकाराच्या मीठदाण्या आणल्या. त्या इतक्या विचित्र की प्रेक्षकांना मीठदाणी म्हणून ओळखूच येणार नाहीत. मग त्याच यानावरच्या डॉक्टर मॅककॉयच्या हातात दिल्या, ऑपरेशनची हत्यारं म्हणून. ज्या प्रयोगशाळेत मोडक्या स्टँडला चिकटपट्टी लावून काम चालतं, तिथल्या माणसाला हे वाचून किती आपलं वाटलं असेल सांगा.

पण चुलतभावाला उत्तर द्यायचं तर मीठदाण्या पुरणार नाहीत. त्याला मी 'द इनर लाइट' सांगते.

दुसऱ्या मालिकेतला, १९९२ चा भाग. पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एक अनोळखी यंत्र कॅप्टन पिकार्डवर किरण सोडतं आणि तो बेशुद्ध पडतो. जागा होतो तो एका गावात. तिथं त्याला बायको आहे, शेजारी आहे, कामिन असं नाव आहे, लोखंडकामाचा धंदा आहे. यानावर अर्धा तासही होत नाही, पण इकडं तो म्हातारा होईपर्यंत जगतो. पोरं, नातवंडं, बासरी शिकणं, सगळं. आणि या सगळ्या आयुष्याच्या मागं एकच गोष्ट चालू आहे : पाऊस पडत नाहीये. गावाच्या मध्यभागी एक रोप लावलंय. प्रत्येक घर आपल्या वाट्याच्या पाण्यातलं थोडं त्याला घालतं. कामिन मातीचे नमुने घेत राहतो, नोंदी ठेवतो, अधिकाऱ्याला सुचवतो की हवेतून पाणी काढायची यंत्रं बांधू या.

लातूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची गाडी. देशभरचे कॅमेरे ती गाडी दाखवत होते. आम्ही टँकरच्या पाण्याची ओटी टेस्ट करत होतो, पिवळा रंग येतो का, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे का. आणि घरी तुळशीला तांदूळ धुतलेलं पाणी. तो भाग त्या उन्हाळ्यात मी पुन्हा लावला आणि अर्ध्यात बंद केला. सोसेना.

बंद केला तो ज्या प्रसंगाला, तो सांगते. म्हाताऱ्या कामिनला नोंदींवरून कळून चुकलेलं असतं की हा नुसता दुष्काळ नाही, ग्रहच मरतोय. त्याच्या मुलीनंही तोच हिशेब मांडलेला असतो. तो अधिकाऱ्याकडे जातो. तेव्हा समजतं की वरच्यांना हे आधीच माहीत आहे, लोक घाबरतील म्हणून दाबून ठेवलंय. आकडे खरे होते. ऐकणाऱ्याला ठाऊकही होते.

मी अहवालावर 'पिण्यास अयोग्य' लिहिते. फ्लोराइड लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की लिहावंच लागतं, त्यात दयामाया नसते. सरपंच कागद वाचतात आणि विचारतात, "मग आम्ही प्यायचं काय?" अहवालात या प्रश्नाला रकाना नाही. मराठी मालिका मी बघते, नाही असं नाही, पण त्यातल्या एकाही घरात चार दिवस नळाला पाणी आलं नाही असं मी बघितलेलं नाही. आमचं दुखणं मला बघायला मिळालं ते कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभारलेल्या एका खोट्या ग्रहावर. याला पळून जाणं कसं म्हणायचं?

उलट तिथं खरी अद्भुत गोष्ट कुठली असेल तर ती मीटिंग. एन्टरप्राइझवर संकट आलं की लांब टेबलाभोवती सगळे बसतात. इंजिनवाला, डॉक्टर, सुरक्षावाला. ज्याचं जे काम, तो त्याचं मोजमाप सांगतो. पिकार्ड मध्ये बोलत नाही. मग विचारतो, तुमचं मत काय? आणि त्या मतावर निर्णय होतो, त्याच दिवशी. लहानपणी मला या बैठका कंटाळवाण्या वाटायच्या, मारामारी कधी सुरू होते याची वाट बघायचे. आता मारामारी पुढं ढकलते आणि बैठका बघते.

तिसरी मालिका, 'डीप स्पेस नाइन', पुष्कळ चाहत्यांना रुचली नाही. यान कुठं जातच नाही, एका अंतराळ स्थानकावर सगळं घडतं, असा आक्षेप. माझी ती सगळ्यात आवडती, आणि त्याचं कारण मराठवाड्याचंच आहे. बाजोर नावाचा ग्रह कार्डेशियन सत्तेखाली सुमारे पन्नास वर्षं भरडला गेलाय. सत्ता आता गेली. मालिका सुरू होते ती स्वातंत्र्यानंतर : हंगामी सरकार, देवळातले धर्मगुरू, कोण लढलं, कोण फितूर होतं, पोट कसं भरायचं. किरा ही पूर्वी भूमिगत लढलेली बाई आता कार्यालयात बसून फायली बघते.

माझे आजोबा उमरग्याकडचे. निजामाच्या राजवटीच्या, रझाकारांच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकत आम्ही मोठे झालो. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाहून आल्यावर त्या गोष्टी व्हायच्याच. पण गोष्ट १९४८ च्या पोलीस ॲक्शनला येऊन थांबायची. पुढं काय झालं विचारलं की आजोबा पानाचा डबा उघडायचे. पुढं काय झालं ते मला फार उशिरा, वाचून कळलं. केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्या काळात गावोगाव हिंडून नोंदलं होतं की मुक्तीनंतर सूड म्हणून हजारो मुसलमान मारले गेले, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता, नांदेड होता. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच. तो अहवालही कितीतरी दशकं दाबलेलाच राहिला.

'ड्युएट' नावाचा भाग आहे, १९९३ चा, पहिल्याच सीझनमधला. स्थानकावर एक कार्डेशियन माणूस सापडतो. छळछावणीचा क्रूर प्रमुख तो मीच, असं तो छाती ठोकून सांगतो. किरा त्याच्यासमोर बसून चौकशी करते, आणि जवळजवळ सगळा भाग या दोघांचं बोलणं आहे, त्या एका कोठडीत. शेवटी उलगडतं की तो प्रमुख नाहीच, त्या छावणीतला साधा कारकून होता. किंकाळ्या ऐकून कानांवर हात ठेवून बसलेला. आपल्या देशानं गुन्हा कबूल करावा म्हणून तो दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन फाशी मागायला आलाय. किरा त्याला सोडून देते. आणि बाहेर पडताच एक बाजोरी त्याला भोसकतो. का, विचारल्यावर म्हणतो, कार्डेशियन होता, एवढं कारण पुरे. किरा म्हणते, नाही, पुरे नाही. (हो, शेवट सांगून टाकला. तीस वर्षं झाली, आता माझ्यावर रागावू नका.)

हे बघून मी बराच वेळ आजोबांबद्दल विचार करत बसले होते. ते कुणाला भोसकणारे नव्हते. पण पानाचा डबा उघडणारे होते.

मुलं कधी कधी असंही म्हणतात की मॅडम, अंतराळ वगैरे आपल्याकडचं नाही. त्यांना मी हिंगोलीची आठवण करून देते. औंढा नागनाथजवळ लिगो-इंडियाची वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि दूर कुठंतरी कृष्णविवरं आदळल्यावर अवकाशात उठणारी थरथर त्या मोजणार. केंद्रानं २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या त्याच भागातून जातात. तेव्हा आपल्याकडचं काय नि नाही काय, हे आधीच ठरवू नये.

आता चाहती म्हटलं की सगळंच गोड, असं समजू नका. साठ वर्षांच्या संसारात भांडी वाजणारच. जुन्या मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि मेंदू नसलेल्या स्पॉकला रिमोटनं चालवतात. याचा बचाव करायला मी बसलेले नाही. बायकांच्या कपड्यांबद्दल तर बोलायलाच नको. यानावरची अधिकारी उहुरा इतकी हुशार, आणि पूर्ण सीझन तिच्या वाट्याला कानात यंत्र घालून निरोप सांगणं. निशेल निकल्स ही भूमिका सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांबवलं म्हणून थांबल्या. नवीन मालिकांत यान इतकं चकाचक असतं नि सगळे इतके रडतात की मला कळत नाही काम कधी करतात. टेबलाभोवतीची बैठक आता कुणी नीट दाखवत नाही. सगळं पळता पळता, कॅमेरा गरगरत.

"मग कुठून सुरू करू?" हा पुढचा प्रश्न, तोही आजकाल येतो. १९६६ पासून क्रमानं लावू नका, तिसऱ्या भागाला सोडून द्याल. चुलतभावाला मी 'ड्युएट' दाखवला, त्यानं पूर्ण बघितला आणि म्हणाला, "ह्यात अंतराळ कुठंय?" तर 'ड्युएट' बघा, मग 'द इनर लाइट', पण तो उन्हाळ्यात नको. आणि 'व्हॉयेजर' या चौथ्या मालिकेतला 'थ्रेशोल्ड' हा भाग, ज्यात फार वेगानं गेल्यामुळे कॅप्टनबाई आणि तिचा वैमानिक पालीसारखे प्राणी होतात आणि त्यांना पिल्लंही होतात, तो चुकून लागला तर टीव्ही बंद करा आणि कृपा करून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन मला त्यातलं विज्ञान विचारू नका.